दाढी, पुटकुळ्या आणि गृहस्थाचा विवेक

गेल्या काही वर्षांत तरुणांच्या चेहऱ्यावर दाढी पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे. लग्नमंडपात, कार्यालयांत, पर्युषणाच्या व्याख्यानालाही नीट कोरलेल्या दाढीचे तरुण दिसतात. त्यात आक्षेपार्ह काही नाही. मात्र त्यांपैकी अनेकांच्या जबड्याखाली आणि मानेवर लालसर, दुखऱ्या पुटकुळ्या असतात व त्या झाकण्यासाठीच दाढी आणखी वाढवली जाते. आई तळलेले बंद करते, मित्र लिंबू चोळायला सांगतो, औषधविक्रेता एखादी ट्यूब हाती ठेवतो. पण ही पुटकुळी नेमकी कशाची, हा पहिला प्रश्न कोणीच विचारत नाही.

दिसायला सारख्या वाटणाऱ्या या पुटकुळ्यांची कारणे वेगवेगळी असतात. तारुण्यपीटिकांत त्वचेतील तेलग्रंथींचा स्राव आणि मृत पेशी यांनी रंध्र बुजते व तेथे जंतू वाढतात. या पुटकुळ्या कपाळ, गाल, पाठ येथेही येतात आणि सोबत काळ्या-पांढऱ्या टोकांचे बारीक दाणे दिसतात. रुतलेल्या केसाची गोष्ट निराळी आहे. कुरळा, राठ केस कापल्यावर त्याचे टोक अणकुचीदार होते. वाढताना तो वळतो आणि शेजारच्याच कातडीत शिरतो. शरीर त्याला परका पदार्थ समजते, म्हणून सूज येते. ही व्याधी प्रामुख्याने दाढी केलेल्या भागात, विशेषतः मानेवर होते. तिसरे कारण बुरशीचे. त्यात गोलाकार, खाजणारे चट्टे उठतात आणि केस सहज निघून येतात.

दोन-तीन पात्यांच्या रेझरने दाढी अगदी गुळगुळीत होते, कारण पहिले पाते केस किंचित वर ओढते आणि पुढचे तो कापते. उरलेला केस मग कातडीच्या पातळीखाली जातो आणि आतल्या आत वळतो. कातडी ताणून किंवा केसांच्या उलट दिशेने वस्तरा फिरवल्यानेही हेच घडते. म्हणून त्रास असणाऱ्याने तीन-चार आठवडे दाढी करणेच थांबवावे, हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. नोकरीमुळे ते शक्य नसेल, तर ट्रिमरने सुमारे 1 मिलिमीटर केस ठेवावेत. वस्तराच वापरायचा असेल तर स्नानानंतर, केस मऊ झाल्यावर, एकाच पात्याने आणि केसांच्या दिशेने दाढी करावी. केशकर्तनालयात नवे पाते लावण्याचा आग्रह धरण्यात संकोच नसावा.

रुतलेला केस चिमट्याने उपटण्याचा मोह आवरावा. उपटलेला केस पुन्हा उगवताना आतच अडकू शकतो. आपल्या मुनिराजांचा केशलोच येथे कोणाला आठवेल. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी तो एक. दोन ते चार महिन्यांच्या अंतराने, शस्त्राविना, हातांनी केला जाणारा. परंतु तेथे देहाविषयीची अनासक्ती आहे, आरशापुढची चिमटेगिरी नव्हे. गृहस्थाने कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा दहा मिनिटे ठेवावा आणि केसाला आपोआप वर येऊ द्यावे.

औषधांपैकी सॅलिसिलिक ॲसिड, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलिन ही परिचित नावे आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे ध्यानात ठेवावे. पीटिकांवरील उपचाराचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. येथेच धीर सुटतो आणि स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब घरात येते. तिने दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून ती महिनोन्‌महिने लावली जाते. पुढे कातडी पातळ होते, नव्या पुटकुळ्या उठतात, बुरशी असेल तर ती पसरते आणि ट्यूब थांबवताच चेहऱ्याची आग होते. त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ती चेहऱ्याला लावूच नये.

अहिंसेच्या दृष्टीनेही काही पाहण्याजोगे आहे. दाढीच्या बाममध्ये बहुधा मधमाश्यांचे मेण असते, दाढीचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात, काही साबणांत प्राण्यांची चरबी असते आणि तीव्र पीटिकांवरील काही कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. कृत्रिम धाग्यांचे ब्रश आणि वनस्पतिजन्य तेले सहज मिळतात. औषधाबाबत आपला संकोच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा, म्हणजे ते पर्याय सुचवू शकतील. मनाने औषध बंद करू नये.

आपल्या वर्णाच्या त्वचेवर पुटकुळी बरी झाल्यानंतरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. दाबल्याने, खाजवल्याने तो गडद होतो, उन्हानेही वाढतो. गाठी कठीण होत असतील, पू येत असेल किंवा व्रण उंचावत असतील तर विलंब न करता तज्ज्ञाकडे जावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे करावे, की स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलाच्या चेहऱ्याची चर्चा करू नये. तो दिवसातून कितीतरी वेळा आरशात पाहतोच आहे.