मायनस २७

भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यातला लाल दिवा तीन दिवस लुकलुकत होता. फोनवरची मुलगी दर वेळी सांगे, ‘एकदा बंद करून चालू करून बघा.’ चौथ्या दिवशी निथळत्या रेनकोटात दुरुस्तीवाला पोरगा दारात उभा राहिला. बीडकडचा, जेमतेम बाविशीचा. मी भांडायच्या तयारीत होतो. त्याने वायर मीटरला लावली. "काका, मायनस ३१. २७ च्या खाली गेलं की डब्याला काहीच दिसत न्हाई."

मायनस २७. फायबरमधून घरापर्यंत किती उजेड पोचतो, त्याचा हा आकडा. दर तीन अंकांमागे उजेड निम्मा होतो. आमच्याकडे पूर्वी मायनस १९ असायचा. म्हणजे रुपयातला एक आणा तेवढा उरला होता.

दोष गच्चीवर सापडला. पावसात गुलमोहराची फांदी केबलवर पडली होती आणि कठड्याच्या धारेवर केबल पार दुमडली होती. केबलमधली काच तुटायचीही गरज नसते, नुसत्या दुमडीतून उजेड बाहेर झिरपतो. दुमडलेला भाग त्याने कापून टाकला.

मग जिन्याच्या पायरीवर त्याने जोडणीचं मशीन मांडलं. मी छत्री धरली. त्याने वरचं आवरण सोललं, आतली काच स्पिरिटने पुसली. दवाखान्यासारखा वास जिन्यात पसरला. ही काच मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाड, आणि उजेड जातो तो तिच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनच्या वाटेने. अशी काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडलं; २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. पण ती जोडायला शेवटी कुणीतरी भर पावसात पायरीवर बसावं लागतं, आणि त्याची बोटं हलून चालत नाहीत. त्याची हलली नाहीत. खिशातला फोन तीनदा वाजला, त्याने मान वळवली नाही. असेच चिडलेले फोन परवापासून मीही करत होतो.

पडद्यावर काचेची दोन टोकं खांबांसारखी समोरासमोर आली, जरा खालीवर झाली, ठिणगी पडली. मधली रेघ पुसली गेली.

खाली येऊन मीटर लावला. मायनस १९. दिवा हिरवा झाला.

"ओटीपी सांगा काका, कंप्लेंट बंद करतो."

आकडा सांगितला. चहा नको म्हणाला, अजून सहा घरं होती. पण खाली जायच्याऐवजी तो पुन्हा वर चढला. पायरीवर वाकून मोबाइलच्या टॉर्चने शोधू लागला. कापलेल्या काचेचे तुकडे तो चिकटपट्टीवर गोळा करत होता, त्यातला एक कमी होता.

"बोटात गेला की निघत न्हाई. तुमच्या जिन्यात लेकरं अनवाणी पळत्यात."

मीही गुडघे टेकून त्याच्याबरोबर शोधू लागलो.