लिस-3चा पहिला बँड कुठे गेला?

आज खरं तर स्केल फॅक्टर आणि ऑफसेटचा हिशोब मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण यवतमाळहून आलेल्या एका पत्राने माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढला आहे. पत्र भूगोलाच्या विद्यार्थिनीचं आहे. तिने रिसोर्ससॅट-2चं लिस-3चं दृश्य उतरवून घेतलं. झिप उघडली तर आत बँड2, बँड3, बँड4, बँड5 अशा चारच फायली. बँड1 कुठे गेला, डाउनलोड अर्धवट राहिलं का, असं ती विचारते.

डाउनलोड पूर्ण आहे. लिस-3ला बँड1 मुळातच नाही, आणि त्याचं कारण 1988मध्ये सापडतं. त्या वर्षी गेलेल्या आयआरएस-1एच्या कॅमेऱ्यांत चार बँड होते : 1 निळा, 2 हिरवा, 3 लाल, 4 निकट अवरक्त. 1995मध्ये आयआरएस-1सीबरोबर लिस-3 आला, तेव्हा निळा वगळला गेला आणि 1.55 ते 1.70 मायक्रोमीटरचा लघुतरंग अवरक्त बँड नव्याने आला. इस्रोने उरलेल्या बँडना नवे क्रमांक दिले नाहीत. हिरवा 2च राहिला, लाल 3, निकट अवरक्त 4, आणि नव्याला 5 मिळाला. निर्णय शहाणपणाचा होता. लँडसॅटच्या थीमॅटिक मॅपरमध्येही याच प्रकारच्या बँडना हेच क्रमांक होते, त्यामुळे वनस्पती निर्देशांकाचं ‘चार वजा तीन भागिले चार अधिक तीन’ हे सूत्र दोन्हीकडे चालायचं.

लँडसॅटच्या घरात मात्र क्रमांकांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे. 1972च्या पहिल्या लँडसॅटवर दोन उपकरणं होती. 1, 2, 3 हे क्रमांक एका कॅमेरासंचाने घेतले, म्हणून शेजारच्या मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनरची मोजणी 4पासून सुरू झाली. पुढे थीमॅटिक मॅपरचा बँड 7 भूवैज्ञानिकांच्या आग्रहाने उशिरा आला, म्हणून 2.2 मायक्रोमीटरच्या आसपासचा हा बँड औष्णिक बँड 6च्याही पुढे जाऊन बसला. 2013मध्ये लँडसॅट-8ने किनारी पाण्यासाठीच्या नव्या बँडला 1 क्रमांक दिला आणि निळ्यापासून निकट अवरक्तापर्यंत सगळे एकेक घर पुढे सरकले. तिथे जुनं सूत्र तसंच चालवलं, तर निकट अवरक्ताच्या जागी लाल आणि लालाच्या जागी हिरवा येतो.

आता पत्रलेखिकेचं पुढचं पाऊल पाहू. ती या चार फायली एकत्र करून एक जिओटिफ बनवणार. सॉफ्टवेअर त्यांना 1, 2, 3, 4 म्हणणार. म्हणजे नावाने बँड4 असलेला निकट अवरक्त जागेने तिसरा, आणि चौथ्या जागेवर बँड5. हिरव्यागार पिकाचं लालमधलं परावर्तन 0.04, निकट अवरक्तातलं 0.45 आणि लघुतरंगातलं 0.20 धरा. खरा निर्देशांक 0.84 येतो. जागेचे क्रमांक घेऊन तेच सूत्र चालवलं, तर उत्तर येतं उणे 0.38. बहरलेलं शेत नकाशावर पाण्यासारखं दिसेल आणि सॉफ्टवेअर एकही इशारा देणार नाही.

यावर उपाय एकच : तरंगलांबी फाईलसोबत लिहून ठेवणं. एन्व्हीच्या हेडरमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. लिस-3साठी ‘वेव्हलेंग्थ’ या ओळीत 0.555, 0.650, 0.815, 1.625 असे पट्ट्यांचे मध्य लिहायचे, त्याखाली रुंदी 0.07, 0.06, 0.09, 0.15, आणि एककाच्या ओळीत मायक्रोमीटर. एककाची ओळ कधीही गाळू नका, कारण हाच 0.815 दुसऱ्या फाईलमध्ये 815 नॅनोमीटर म्हणून येतो. स्टॅक या सूचीपद्धतीने मायक्रोमीटर हे एकक ठरवूनच टाकलंय. हवामानवाल्यांच्या सीएफ संकेतांत तरंगलांबीला ठरलेलं प्रमाण नाव आहे आणि तिच्यासोबत एकक द्यावंच लागतं.

स्टॅकमध्ये ‘रेड’, ‘निर’ अशी सामाईक नावंही आहेत. शोधाशोधीला ती फार उपयोगी पडतात, पण मोजमापाला पुरत नाहीत. सेंटिनेल-2मध्ये बी8 शंभराहून अधिक नॅनोमीटर रुंद आहे, तर बी8ए जेमतेम वीस. दोन्ही निकट अवरक्तच. त्यातून बी8ए फाईलच्या क्रमात नववा येतो आणि बी9 दहावा. इतकंच काय, बी12चा मध्य सेंटिनेल-2एवर 2202 नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि 2बीवर 2186च्या. नाव एक, उपकरणाचा आराखडा एक, तरी सोळा नॅनोमीटरचा फरक. म्हणून मध्य, रुंदी, एकक आणि उपग्रहाचं नाव या चारही गोष्टी नोंदवायला हव्यात.

तेव्हा यवतमाळच्या वाचक ताईंना सांगणं इतकंच : फायली जोडण्याआधी प्रत्येक बँडला त्याचं मूळ नाव आणि तरंगलांबी द्या, आणि सूत्रात क्रमांकाऐवजी ते नाव वापरा. तुमची फाईल उद्या दुसरं कुणी उघडेल, तेव्हा त्याला तुम्हाला पत्र पाठवावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफसेट नक्की. सेंटिनेल-2च्या आकड्यांतून 2022च्या जानेवारीपासून 1000 का वजा करावे लागतात, तिथून सुरुवात करू.