गाडी ओढत नाही, म्हणून लगेच नवा व्हॉल्व्ह?

आज विषय पापडाचा नाही, शेळीचाही नाही. आज गाडीचं बोलू.

२०१७ मध्ये केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली. गटातल्या बाईला प्रवासी गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज, असं तिचं स्वरूप. कुणी त्यातून, कुणी बँकेतून, पण डिझेल गाड्या आता बायांच्या नावावर आहेत. रिसोड असो की मानोरा, गाडी दोन दिवस उभी राहिली की हप्ता अडतो. आणि आमच्या बैठकांत एक तक्रार हमखास येते : गाडी चढावर दम टाकते, काळा धूर सोडते, मीटरवर इंजिनाची पिवळी लाइट लागते, मिस्त्री म्हणतो, "ताई, ईजीआर गेला, नवा टाका." बिल ऐकून पोटात गोळा येतो.

हा ईजीआर म्हणजे काय? इंजिनातून निघणाऱ्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. जळालेला धूर परत आत कशाला, असं कुणीही विचारेल. चूल आठवा. फुंकणीनं हवा दिली की जाळ भडकतो, धूर कोंडला की मंदावतो. इंजिनात जाळ फार तापला की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन छातीला घातक वायू बनतो. थोडा धूर आत सोडला की जाळाची आच उतरते आणि तो वायू कमी बनतो. गाडी सावकाश चालताना व्हॉल्व्ह उघडतो. पूर्ण रेस दिली, की इंजिनाला सगळी ताजी हवा लागते, म्हणून तो बंद होतो.

आता धुराड्यात जशी काजळी धरते, तशीच इथेही धरते. गाव ते फाटा अशा छोट्या चकरा, गाडी उभी ठेवून इंजिन चालू, अशानं ती लवकर साचते, कारण इंजिन नीट तापतच नाही. काजळीनं व्हॉल्व्ह उघडा अडकला, की रेस देतानाही धूर आत जात राहतो. मग ताजी हवा कमी पडते, पिकअप जातो, काळा धूर निघतो, उभी गाडी थरथरते, कधी बंदही पडते. बंद अडकला तर चालवणाऱ्याला फारसं काही जाणवत नाही, नुसती लाइट लागते.

पण हीच लक्षणं एअर फिल्टर चोंदला, टर्बोचा पाइप फाटला किंवा इंजेक्टर बिघडला तरी दिसतात. म्हणून आधी फिल्टर काढून बघायला सांगा. पाइपांवर हात फिरवायला सांगा, चीर किंवा तेलकट ओल आहे का ते. ही तपासणी स्वस्त आहे, तीच आधी.

मग स्कॅनर. मिस्त्रीकडे स्कॅनर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. कोड कागदावर लिहून घ्या. पी ०४०१ म्हणजे परत जाणारा धूर कमी पडतोय, पी ०४०२ म्हणजे जास्त जातोय, पी ०४०३ म्हणजे व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीत गडबड. नीट बघा, यातला एकही कोड "व्हॉल्व्ह मेला" असं म्हणत नाही. ०४०१ नुसत्या काजळीनं चोंदलेल्या नळीमुळेही येतो. ०४०३ तुटलेल्या वायरमुळे किंवा सैल झालेल्या प्लगमुळेही येतो. उंदरांनी वायर कुरतडणं आपल्याकडे काही नवं नाही.

त्यानंतरच व्हॉल्व्ह खोलायचा, तोही इंजिन थंड झाल्यावर आणि आपण समोर उभं राहून. आत काजळीचा थर असेल तर कार्बन क्लीनरनं साफ होतो. पुढची नळीही साफ करायला लावा, नाहीतर काम अर्धवट राहतं. बसवताना गॅस्केट नवं घ्या. स्कॅनरवरून व्हॉल्व्हला उघड-बंदचा हुकूम देता येतो. साफ करूनही तो हलत नसेल आणि वायर ठीक असेल, तर मात्र नवा घ्यावाच लागेल. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होऊन पांढरा धूर येत असेल, तर ते दुखणं वेगळं. ईजीआरचा कूलर गळतोय का ते बघायला सांगा.

काही जण सांगतात, पत्रा ठोकून ईजीआर बंदच करा, गाडी पळेल. आम्हाला हा सल्ला अजिबात पटत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, तो घातक वायू नाही. म्हणजे कागद मिळेल, पण शाळेपुढे उभ्या गाडीचा तो वायू आपलीच लेकरं ओढतील. शिवाय गाडीच्या प्रदूषण-यंत्रणेत असा बदल कायद्यात बसत नाही.

काम झालं की कोड पुसून घ्या आणि दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्यावर, भार घेऊन गाडी चालवा. लाइट परत लागली तर कोड पुन्हा लिहून घ्या, पहिल्याशी ताडून बघा आणि त्याच मिस्त्रीकडे दोन्ही कागद घेऊन जा. नवा व्हॉल्व्ह घातला असेल तर जुना मागून घ्या. बिल आणि कोडचा कागद गटाच्या फाइलला लावा.