रायगडच्या किनाऱ्यावर मालवणची पाटी

अलिबागहून रेवदंडा, मुरूड आणि पुढे श्रीवर्धनकडे जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या कडेला वारंवार एक पाटी आढळते : ‘अस्सल मालवणी जेवण’. वस्तुतः रायगड आणि मालवण यांच्यामध्ये संबंध रत्नागिरी जिल्हा पसरलेला आहे. मग ही पाटी येथे कशासाठी? कारण मुंबईकर गिऱ्हाइकाला ‘मालवणी’ हा शब्द गिरगाव-दादरच्या खानावळींनी आधीच शिकवून ठेवला आहे. अनोळखी पदार्थ लोकांच्या गळी उतरवण्याचा खर्च एका हॉटेलवाल्याने सोसायचा आणि त्याचा लाभ मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाटून घ्यायचा, असा व्यवहार असेल तर तो खर्च कोण करील?

या किनाऱ्याला स्वतःचे अन्न नाही, असे मुळीच नाही. खारेपाटात भातशेतीलगतच्या तळ्यांत वाढवलेला जिताडा, आगरी घरची तांदळाची भाकरी, कोळ्यांचे सुके बोंबील आणि जवळा, कायस्थांचे वालाचे बिरडे ही नावे ताबडतोब आठवतात. नवगाव परिसराशी नाते सांगणाऱ्या बेने इस्रायलींनी मांसाबरोबर दूध वर्ज्य असल्याने नारळाच्या रसावर आपले कालवण बेतले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि ती चवही गावातून जवळजवळ उठली. तिची पाटी कोण लावणार?

२०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, मागणी वाढली. पण ती वाढली सुरमई आणि पापलेट यांचीच. पावसाळी मासेमारीबंदीतही ताटात सुरमई हवी असते, तेव्हा बर्फातला साठवणीचा माल येतो. त्या थाळीच्या किमतीतला किती हिस्सा येथल्या कोळीवाड्यात मुरतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. नागाव, दिवेआगरच्या घरगुती खानावळींचा व्यवहार त्या मानाने शहाणपणाचा : आगाऊ सांगावे, माणसे मोजून रांधावे, नासाडी टाळावी. मात्र तेथेही घरच्या बाईच्या पहाटेपासूनच्या श्रमाचा मोबदला दरात धरला जात नाही आणि त्यामुळेच ते जेवण ‘स्वस्त’ ठरते.

पोपटीचे उदाहरण मात्र निराळे आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा तयार झाल्या की भांबुर्ड्याच्या पाल्याने भरलेल्या मडक्यात त्या, अंडी आणि कोंबडी घालून, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा, हा शेतावरचा जुना बेत. आता त्यासाठी मुंबईहून लोक मुद्दाम येतात. तिला दुसऱ्या कोणाचे नाव उसने घ्यावे लागले नाही. पण पोपटीला वाल लागतो, आणि वाल भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. ती जमीनच बंगल्यांसाठी विकली जात आहे.

त्याच ओलीच्या हंगामात अलिबागचा पांढरा कांदाही होतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगामात त्याच्या वेण्या रस्त्यावर विक्रीला टांगलेल्या असतात. लाल कांद्यापेक्षा तो महाग, म्हणून हॉटेलवाला हात आखडता घेतो. आणि गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून त्याचे चालूनही जाते. पर्यटन खात्याने जाहिरातीतील किनाऱ्याच्या छायाचित्रांबरोबर ताटातील पदार्थांची नावेही छापली, तर ती मागणी निर्माण करण्याचा खर्च एकट्या हॉटेलवाल्यावर पडणार नाही. तोवर वेण्या बाहेर आणि लाल कांदा आत, असाच हिशेब चालू राहील.