अमरावतीच्या आखाड्याचा धडा

गोव्यात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा कळरीपयट्टू, पेंचाक सिलाट आणि स्के या युद्धकलांना त्यांत प्रथमच स्थान मिळाले. एक केरळची, दुसरी इंडोनेशियाची, तिसरी काश्मीरची. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ही नावे तेव्हाच पहिल्यांदा ऐकली असतील. स्पर्धा आटोपल्या, मंडप उतरले, पाहुणे संघ आपापल्या गावी परतले. एखाद्या लहान गावातील पोरांची हौस पन्नास-शंभर वर्षे टिकणारी संस्था कशी बनते, हा प्रश्न मात्र मागे उरला. त्याचे उत्तर शोधायला जपान-कोरियापर्यंत जाण्याचे कारण नाही. वऱ्हाडात अमरावतीला गेले तरी पुरे.

१९१४ साली, पहिल्या महायुद्धाला तोंड लागले त्या वर्षी, अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत एका व्यायामशाळेचा पाया घातला. तेव्हाची अमरावती म्हणजे कापसाच्या बाजाराचे गाव. दादासाहेब खापर्ड्यांसारखा टिळकांचा निकटचा सहकारी तेथला आणि १८९७ सालचे काँग्रेस अधिवेशनही तेथेच भरलेले. त्यामुळे राजकीय जाग पुष्कळ होती, पण मुंबई-पुण्याचे वैभव नव्हते. त्या काळी महाराष्ट्रातील गावोगावी तालमी होत्या. तांबडी माती, मारुतीची शेंदरी मूर्ती, कोपऱ्यात मुद्गल आणि करेल, मध्ये एरंडेल पिऊन काळाभोर झालेला मल्लखांब, एवढे साहित्य असले की तालीम उभी राही. आणि वस्ताद गेला की ती तालीमही बहुधा त्याच्या मागोमाग जाई. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने पुढे देशभर विख्यात झालेल्या या आखाड्याचे तसे झाले नाही. याचे कारण, आमच्या मते, त्या नावातच आहे. ‘प्रसारक’ हा शब्द तेथे शोभेसाठी घातलेला नव्हता.

मंडळाने १९२४ पासून व्यायामशिक्षणाचे उन्हाळी वर्ग सुरू केले. वरवर गोष्ट क्षुल्लक दिसते. आम्हांला मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इतर वस्तादांनी पहिलवान घडविले. अमरावतीने वस्ताद घडविण्याचे ठरविले. सुटीत आलेला शिक्षक लाठी, लेझीम, फरीगदगा, मल्लखांब, कुस्ती यांचे पाठ क्रमाने शिकला आणि आपल्या गावी परतून त्याने मुले जमविली की शिकविण्याची रीत गुरूच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. कोणत्या वयाला कोणता व्यायाम, आधी काय, मग काय, हे सारे नेमून ठेवावे लागते. परंपरेच्या अभिमान्यांना हा रूक्षपणा रुचत नाही. पण त्या रूक्षपणावाचून विद्या गावाबाहेर जात नाही.

हाच विचार बडोद्यातही रुजत होता. तेथील जुम्मादादांचा आखाडा एका मुसलमान उस्तादाचा. तो पुढे चालविला त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी. शाळांतून सार्जंट इंग्रजी हुकमांवर मुलांना कवायत शिकवीत होते, तेव्हा माणिकरावांनी देशी भाषेतील हुकूम आणि देशी सामूहिक व्यायाम घडविले. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद हेही माणिकरावांच्याच हाताखाली तयार झालेले. आपल्या गावातील आखाड्याला धर्माची वा जातीची कुंपणे घालू पाहणाऱ्यांनी बडोद्याची ही गुरुशिष्यांची जोडी अवश्य ध्यानात ठेवावी.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी व्यायामाची प्रात्यक्षिके केली. या प्रसंगाची कथा आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. पथकाच्या कर्तबगारीविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे; परंतु यजमान कोण होते आणि बळकट शरीरांचा त्यांनी पुढे काय उपयोग केला, हे जगाने पाहिले आहे. त्या दरबारी कौतुकाचे आम्हांला अप्रूप नाही. त्याहून मोठी गोष्ट आमच्या लेखी अशी की, परतल्यावर हे मंडळ थांबले नाही. १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाडमध्ये ते सहभागी झाले आणि १९६७ मध्ये त्याने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले. मंडळाची धुरा दीर्घकाळ वाहिलेल्या प्रभाकरराव वैद्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मातीच्या हौद्यापासून महाविद्यालयापर्यंतची ही वाट अर्धशतकाहून अधिक लांबीची आहे.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज अमदानीत सभा-संघटनांवर सरकारची करडी नजर असे. चार तरुण एकत्र जमून लाठी फिरवू लागले तर ती कसरत आहे की कट, याचाच खल आधी होई. तेव्हा वऱ्हाडासारखी व्यायामशाळांची साखळी येथे उभी राहिली नाही याचे नवल नाही. तरीही शस्त्राची आठवण शिमग्याने जपली. डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणीत नंगी तलवार फिरविणारा गडी पाहावा. नाचत असूनही त्याचा पवित्रा लढवय्याचाच असतो. पण वर्षातून एकदा नाचणे निराळे आणि रोज पहाटे सराव करणे निराळे.

मुक्तीला सहा दशके उलटून गेली. आज गावोगावी कराटे, तायक्वांदोचे वर्ग चालतात. त्यांना नाके मुरडावीत असे आम्हांस वाटत नाही. मुलगी स्वतःचे रक्षण करायला शिकते, मुलगा मोबाईल खाली ठेवून तासभर घाम गाळतो, हे थोडे नव्हे. पण यांतील पुष्कळ वर्ग एका शिक्षकाच्या भरवशावर, भाड्याच्या सभागृहात आणि मासिक शुल्कावर तगलेले असतात. शिक्षकाची बदली झाली की पाटी उतरते आणि रंगीत पट्टे कपाटात पडून राहतात. ज्याच्या घरी शुल्क देण्याची ऐपत नाही ते पोर तर दाराबाहेरच उभे असते.

मल्लखांबाला आता राजाश्रयही लाभू लागला आहे. २०१९ मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, पंचकुल्यास २०२२ मध्ये भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत तो होता, आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्यातील पंचायतींना याचा लाभ घ्यावयाचा असेल तर नव्या क्रीडासंकुलाच्या कोनशिलेची वाट पाहू नये. देवस्थानांची अग्रशाळा, मराठी शाळेचा मागचा चौक, सभागृहाची पडवी यांपैकी एखादी जागा रोज दोन तास मिळावी. प्रत्येक तालुक्याने दोन शिक्षक, त्यांत एक स्त्री, सुटीत बाहेर पाठवून शिकवून आणावेत आणि परतल्यावर त्यांना मानधन द्यावे. गावच्या जत्रेच्या दर्शनी कमानीवर जो खर्च होतो, त्याच्या काही अंशात हे भागेल. येत्या ग्रामसभांत कोणी हा विषय मांडला तर त्याची बातमी छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू.