स्वेटरच्या टाक्यांचा हिशेब

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा शिक्षणविषयक लेखाची असावी. आम्ही शाळेत गणित शिकवितो, त्यामुळे ती रास्तच होती. परंतु ट्रस्टच्या कामात आमच्या हातून एक साधे त्रैराशिक चुकले आहे, आणि त्यापायी वसतिगृहातील काही मुलांनी एक हिवाळा अवघडून काढला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या अंकात आपल्या कार्याचे कौतुक पुष्कळ येईल व ते यावे. ह्या चुकीचा उलगडाही शेजारी छापलेला असावा, असे आम्हाला वाटते. कारण पुढल्या थंडीत पुन्हा सुया हाती घ्यावयाच्या आहेत.

हकीकत अशी. २०२३ च्या पावसाळ्यात महिला विभागाने वसतिगृहातील ४० मुलांसाठी स्वेटर घरोघरी विणून देण्याचे अंगावर घेतले. बेळगावची थंडी उत्तर हिंदुस्थानातल्यासारखी हाडे गोठविणारी नव्हे, पण पौषातल्या पहाटे नळावर तोंड धुणाऱ्या मुलाला ती पुरेशी असते. लोकर एकाच दुकानातून, एकाच जातीची आणली. सुया सर्वांना ९ क्रमांकाच्या दिल्या. मुलांची मापे घेऊन लहान, मधला व मोठा असे तीन आकार ठरले आणि त्यांचे कागद आम्हीच लिहून काढले. मधल्या आकाराच्या कागदावर 'पाठीसाठी ७८ टाके, पुढच्या भागासाठी ७८ टाके' असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते.

दिवाळीनंतर स्वेटर गोळा झाले. एकाच कागदावरून विणलेले ते स्वेटर टेबलावर एकावर एक ठेवले तर थोरल्या-धाकट्या भावंडांचे असावेत तसे दिसत होते. काहींच्या बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. एका मुलाने आमच्यासमोर स्वेटर चढविला आणि 'बरोबर होतो, बाई' म्हणून सांगितले. पुढल्या आठवड्यात गेलो तेव्हा तो सदऱ्यावरच थंडीत बसलेला, आणि स्वेटर पेटीत घडी घालून ठेवलेला. खोदून विचारले तेव्हा कळले की हात वर केला की काखेत करकचतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नाव कसे ठेवावयाचे, ह्या संकोचाने तो गप्प बसला होता.

विणणाऱ्या बायकांनी अक्षरशः कागदाप्रमाणेच विणले होते. चूक कागदाची होती. ७८ हा आकडा खोटा नव्हता. पण तो आमच्या हाताचा होता, आणि आम्ही तो चाळीस हातांना वाटला.

ठराविक रुंदीत किती टाके बसतात आणि ठराविक उंचीत किती ओळी बसतात, ह्या मापाला विणकामात गेज म्हणतात. हे माप लोकरीवर अवलंबून असते, सुईच्या जाडीवर असते, विणीच्या नमुन्यावर असते आणि सर्वांत अधिक विणणाराच्या हातावर असते. एकीची पकड घट्ट, दुसरीची सैल. कोणी धागा तर्जनीवरून एकदा घेते, कोणी करंगळीला वेढा देऊन घेते. ह्यात चांगले-वाईट काही नाही. अक्षर जसे प्रत्येकाचे निराळे तसाच टाकाही. आमचा स्वतःचा हात परीक्षेच्या पेपर-तपासणीच्या दिवसांत आवळतो आणि मे महिन्याच्या सुटीत सैल पडतो, हे आम्ही मोजून पाहिले आहे.

आता ह्या फरकाने होते काय ते पाहू. मधल्या आकाराच्या मुलाची छाती २४ इंच धरली होती. स्वेटर सदऱ्यावरून घालावयाचा, म्हणून सैलपणासाठी २ इंच मिळविले. घेर २६ इंच झाला, म्हणजे पाठ १३ इंच व पुढचा भाग १३ इंच. आमच्या हाताने इंचाला ६ टाके बसतात. तेरा सक ७८. येथवर ठीक. परंतु ज्या बाईंच्या हाताने इंचाला साडेपाच टाके बसतात, त्यांच्या ७८ टाक्यांची पाठ १४ इंचांहून अधिक होते, आणि घेर २८ इंचांच्या पुढे जातो. ज्यांच्या हाताने साडेसहा बसतात त्यांची पाठ बरोबर १२ इंच भरते, घेर २४ इंच. म्हणजे सैलपणाचे दोन्ही इंच गेले आणि स्वेटर उघड्या अंगाला चिकटून बसेल इतकाच उरला. पेटीतला स्वेटर तो हाच. इंचाला अर्धा टाका ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आहे. पण ती सबंध घेरात सव्वीस वेळा मोजली जाते.

ह्यावर उपाय एकच. स्वेटरला हात घालण्यापूर्वी त्याच लोकरीचा, त्याच सुयांनी, त्याच हाताने एक तुकडा विणावयाचा. बहुतेकींना ह्याचा कंटाळा असतो, आणि तो आम्ही समजू शकतो. नवी लोकर हाती आली की केव्हा एकदा टाके घालीन असे होते. पुष्कळजणी दहा-बारा टाक्यांची चिंधी विणतात व त्यावर टेप ठेवतात. तेवढ्याने काम होत नाही, कारण कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात आणि लहान तुकड्यात कडाच जास्त. निदान ३० टाके घालावे, एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा साध्या विणीने पाच-साडेपाच इंच उंच विणावे व टाके बंद करावे. नंतर तो तुकडा स्वेटर जसा धुणार तसाच धुवावा आणि पसरून सावलीत वाळवावा. लोकर धुतल्यावर फुलते, टाके आपापल्या जागी बसतात व माप थोडे बदलते. बाजारात ज्याला कॅशमिलॉन म्हणतात त्या कृत्रिम सुताचे तर विशेषच सांभाळावे लागते. त्यावर गरम इस्तरी फिरली की वीण कायमची लोळागोळा होऊन ताणली जाते.

वाळलेला तुकडा टेबलावर ठेवावा, मांडीवर नव्हे. तो ओढू नये, चापू नये. कडा सोडून मधल्या भागात फूटपट्टीने ४ इंच मोजावे, दोन्ही टोकांना टाचणी लावावी आणि टाचण्यांमधले टाके मोजावे. अर्धा टाका आला तर तोही धरावा. त्याचप्रमाणे उभ्या ४ इंचांतल्या ओळी मोजाव्या. एका इंचात मोजले तर अर्ध्या टाक्याचा फरक निसटतो. चार इंचांत तो २ टाक्यांचा होतो व लपत नाही.

पुढचे काम त्रैराशिकाचे. ४ इंचांत २४ टाके, तर १३ इंचांत किती? २४ गुणिले १३, भागिले ४, उत्तर ७८. ज्यांचे ४ इंचांत २२ टाके येतात त्यांचे उत्तर साडेएकाहत्तर, म्हणजे सम आकडा घेऊन ७२. ज्यांचे २६ येतात त्यांचे साडेचौऱ्याऐंशी, म्हणून ८४. तिघींचे आकडे तीन, आणि पाठ तिघींचीही जवळजवळ १३ इंच. आमच्या कागदावर टाके लिहिण्याऐवजी इंच लिहावयास हवे होते, आणि टाके ज्या त्या बाईंनी आपापल्या तुकड्यावरून काढावयास हवे होते.

इंग्लंडात जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन ह्या विणकामतज्ज्ञ बाईंचे 'निटिंग विदाउट टियर्स' हे पुस्तक १९७१ साली निघाले. त्यांची सारी पद्धत ह्याच एका गुणाकारावर उभी आहे: आपले गेज गुणिले हवे असलेले इंच. छापील नमुन्याच्या आकड्यांपुढे मान तुकविण्याऐवजी आपल्या हाताचा आकडा आपण काढावा, हा त्यांचा आग्रह होता. गणिताच्या शिक्षकास असा ग्रंथकार आवडल्यास नवल नाही.

कित्येकजणी आकडा बदलण्याऐवजी सुई बदलतात. तेही योग्य आहे, विशेषतः छापील नमुना जशाच्या तसा हवा असेल तेव्हा. चार इंचांत टाके जास्त येत असतील तर हात घट्ट आहे. जाड सुई घ्यावी. कमी येत असतील तर बारीक. येथे एक खड्डा आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या इंग्रजी क्रमांकांत आकडा जसा वाढतो तशी सुई बारीक होते: ८ क्रमांक म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकन क्रमांक उलटे चालतात. तिकडची ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची असते. परदेशातल्या भाचीने पाठविलेल्या पुस्तकावरून विणावयाचे तर क्रमांकावर विसंबू नये, मिलिमीटर पाहावे.

ओळींचा हिशेब मात्र निराळा करावा लागतो. साध्या विणीत टाका चौरस नसतो. तो उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. म्हणून इंचाला टाके ६ तर ओळी ८ अशासारखे प्रमाण येते. टाक्यांचे माप जुळले म्हणजे ओळींचेही जुळले, असे समजू नये. अंगाच्या लांबीत ह्याने फारसे बिघडत नाही, कारण तेथे टेप लावून 'दहा इंच झाले, आता मुंढा घ्या' असे म्हणता येते. अडते ते बाहीपाशी. मनगटाची पट्टी संपल्यावर ४२ टाके आहेत आणि दंडापाशी ६० हवेत. वाढवावयाचे १८, दर वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे ९ वेळा. पट्टीच्या वर बाहीची लांबी १० इंच. शेवटचा १ इंच सरळ ठेवावा, तर वाढीसाठी ९ इंच मिळतात. इंचाला ८ ओळी असतील तर ७२ ओळी, आणि दर आठव्या ओळीला वाढ. आम्ही कागदावर लिहिले होते तेच: 'दर ८ ओळींनी वाढवा, एकूण ८० ओळी.' पण इंचाला ७ ओळी पडणाऱ्या बाईंच्या ८० ओळी साडेअकरा इंचांच्या आसपास जातात. बोटांवर उतरलेल्या बाह्यांचे कारण एवढेच. त्यांनी ६३ ओळींत ९ वाढी बसवावयाच्या, म्हणजे दर सातव्या ओळीला. आणि वाढ सुलट बाजूनेच करणे सोयीचे, म्हणून एकदा ६ व एकदा ८ ओळींनी.

नक्षी असेल तर तुकडाही नक्षीचाच विणावा. वेणीची नक्षी वीण आत ओढते व जाळीची पसरते. एक सुलट एक उलट ह्या पट्टीवर तर कधीच मोजू नये. ती ताणाल तशी ताणते. नक्षी ६ टाक्यांची असेल तर एकूण आकडा ६ ने भागला जाईल असा घ्यावा व शिवणीसाठी कडेला एकेक टाका वेगळा मिळवावा.

त्या तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो खजिनदारांना आवडेल. लोकर किती लागेल ते त्यावरून काढता येते. ५ इंच लांब व ५ इंच रुंद तुकडा म्हणजे २५ चौरस इंच; आमच्या लोकरीचा तो ९ ग्रॅम भरला. मधल्या स्वेटरची पाठ व पुढचा भाग १३ गुणिले १५ चे दोन, ३९० चौरस इंच. बाही सरासरी साडेआठ इंच रुंद व पट्टीसकट १२ इंच लांब, दोन्ही मिळून २०४. एकूण ५९४. हिशेबाने २१४ ग्रॅम होतात. पट्ट्या व शिवण ह्यांसाठी दहावा हिस्सा धरला तर २३५. म्हणजे २५ ग्रॅमचे १० गुंडे, आणि तेही एकाच वेळी, रंगाचा एकच घाण पाहून घेतलेले. मागाहून आणलेला गुंडा त्याच रंगाचा म्हणून घेतला तरी उन्हात निराळा दिसतो.

आमच्या अम्मींनी असला हिशेब जन्मात केला नाही, हे येथे सांगितले पाहिजे, कारण ही हरकत कोणीतरी घेणारच. त्या मुलाला पाठमोरा उभा करीत, एक वीत आणि चार बोटे अशी मोजणी करीत व टाके घालीत; स्वेटर बसावयाचा. परंतु तीस वर्षे त्याच सुया, तीच लोकर, तोच हात, आणि घरातलीच मुले. गेज त्यांच्या बोटांत मुरले होते. शिवाय चुकले तर उसवून पुन्हा विणावयास त्या घरातच होत्या, आणि 'काखेत लागते' असे सांगावयास आम्हाला संकोच नव्हता.

यंदाच्या कामासाठी महिला विभागाने आता प्रत्येकीचा तुकडा मागविला आहे. तो पाकिटात घालून पाकिटावर नाव, सुईचा क्रमांक, ४ इंचांतले टाके व ओळी लिहिल्या जातात. ही पाकिटे ट्रस्टच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. कागदावर आता इंच छापले आहेत आणि टाक्यांची जागा कोरी सोडली आहे. ज्यांना त्रैराशिकाचा कंटाळा आहे त्यांनी तुकडा आमच्याकडे धाडावा, आकडा भरून मिळेल.

पेटीत स्वेटर ठेवणाऱ्या त्या मुलाची छाती आता २७ इंच भरली आहे. घेर २९, पाठ साडेचौदा. त्याचा स्वेटर ज्या बाईंकडे आहे त्यांच्या तुकड्यावर ४ इंचांत २२ टाके मोजले. कागदावर ८० लिहून दिले आहेत.