दंडाचा पट्टा आणि पोटाचा घेर

११८/७८. तिशीतल्या माणसाला डॉक्टरांनी रक्तदाबाचा हा आकडा सांगितला, तर तो निर्धास्तपणे घरी जाईल. सहा वर्षांच्या मुलाचा रक्तदाब इतका भरला, तर मात्र डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा मोजतील आणि आठ-पंधरा दिवसांनी परत बोलावतील. या वयाच्या मुलग्याचा आकडा १०५/६६ पर्यंत पोचला, तरी तक्ता उघडून नीट पाहावं असा बालरोगतज्ज्ञांचा संकेत आहे. पण मुळात मोजतं कोण? तापासाठी किंवा लसीसाठी आणलेल्या मुलाचं वजन होतं, उंची होते, घसा बघितला जातो. बीपीचं यंत्र तिथेच टेबलावर असतं, पण ते आजोबांसाठी.

मोठ्यांसारखा एकच ठरावीक आकडा मुलांना लावता येत नाही, कारण वय आणि उंची वाढते तसा रक्तदाबही वाढतो. म्हणून मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या इतर मुलांशी करतात. अशा शंभर मुलांना रक्तदाबाच्या चढत्या क्रमाने उभं केलं आणि आपलं मूल वरच्या पाचांत निघालं, तेही तीन वेगवेगळ्या भेटींत, तर त्याला उच्च रक्तदाब आहे असं म्हणतात. तेरा वर्षांनंतर हिशेब सोपा होतो: १३०/८० किंवा त्याहून जास्त.

या तक्त्याचाही एक किस्सा आहे. जगभर वापरला जाणारा अमेरिकन तक्ता २००४ मध्ये नव्याने मांडला गेला, तेव्हा त्यात सगळ्या प्रकारची मुलं धरली होती, लठ्ठसुद्धा. लठ्ठ मुलांचा रक्तदाब मुळात जास्त. त्यामुळे ‘नॉर्मल’ची रेघच वर सरकली होती. २०१७ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने जादा वजनाची मुलं वगळून सुमारे ५० हजार मुलांच्या मोजमापांवरून तक्ता पुन्हा तयार केला, तेव्हा ती रेघ काही अंकांनी खाली आली. काल नॉर्मल असलेली कित्येक मुलं एका रात्रीत त्या रेघेच्या वर गेली. मुलं तीच होती, रक्तदाबही तोच होता.

वजनाचा वाटा किती, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात स्पष्ट दिसतं. योग्य वजनाच्या मुलांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं, जादा वजनाच्या मुलांत सुमारे पाच टक्के आणि लठ्ठ मुलांत पंधरा टक्क्यांच्या वर. आपल्याकडे केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात २००३ ते २००५ दरम्यान सुमारे २५ हजार शाळकरी मुलं तपासली गेली. दोन वर्षांतच जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेलं होतं, आणि वाढलेला रक्तदाब याच मुलांत जास्त आढळला.

वजन वाढलं की रक्तदाब का वाढतो? जास्त शरीराला जास्त रक्त लागतं, हे उत्तर चूक नाही. पण खरी गोम मूत्रपिंडात आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणं हे त्याचं काम. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, पण भूक त्याला जुमानत नाही. मात्र लेप्टिनचं दुसरं काम चालूच राहतं: शरीराला ‘सावध’ ठेवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवणं. हे मज्जातंतू मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात. इन्शुलिनची पातळी चढलेली असेल, तर तेही हेच सांगतं. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनचा कच्चा माल चरबीतही तयार होतो, आणि मूत्रपिंडाभोवती साठलेली चरबी त्याला बाहेरून दाबते. या सगळ्यामुळे एरवी सहज बाहेर पडणारं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आता जास्त दाब लागतो, आणि शरीर तो दाब पुरवतं.

त्यात घोरण्याची भर पडते. लठ्ठ मुलाचा झोपेत श्वास अडखळतो, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि तेच मज्जातंतू रात्रभर जागे राहतात. ‘दमून कसा गाढ झोपलाय’ असं कौतुक करण्याआधी त्याच्या श्वासाकडे कान द्यायला हवा.

या विषयात पुण्याला खास जागा आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांशी केली. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. इथल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयवही लहान. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. त्याआधी १९९९ मध्ये याच गटाने केईएममध्येच जन्मलेल्या आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चालू वजनाचा हिशेब धरल्यावर, जन्मवजन जितकं कमी तितका वरचा रक्तदाब जास्त होता. इन्शुलिनला शरीर दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली ती जन्मताना हलक्या आणि आठव्या वर्षी चरबीने भरलेल्या मुलांत.

याचा अर्थ घरोघरच्या आज्यांना रुचणारा नाही. अशक्त जन्मलेल्या नातवाला तूप-साखर भरवून ‘गुटगुटीत’ करण्याची धडपड प्रेमापोटीच असते, पण स्नायू आणि उंची मागे राहून नुसतं पोट पुढे आलं, तर ते बाळसं नव्हे. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ च्या वाढीच्या आलेखांत जादा वजन आणि लठ्ठपणाच्या रेघा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याला) जुळवल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या २५ आणि ३० ला नाही. भारतीय शरीरात तेवढ्याच वजनात चरबी जास्त असते, हे त्यामागचं कारण.

मोजण्यातही मेख आहे. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबी ८० ते १०० टक्के. पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटा चढतो, मोठा झाला तर खोटा उतरतो. १८९६ मध्ये रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांनी आणलेला पहिला पट्टाच इतका अरुंद होता की आकडे फुगून येत. आज बारा वर्षांच्या लठ्ठ मुलाला कधीकधी प्रौढांचाही पट्टा अपुरा पडतो, तर चार वर्षांच्या मुलाच्या दंडाला तोच दोनदा गुंडाळता येतो. दवाखान्यात निदान तीन-चार मापांचे पट्टे हवेत. मूल तीन ते पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसलेलं हवं आणि उजवा दंड हृदयाच्या पातळीत हवा. रडणाऱ्या मुलाचा आकडा लिहूच नये.

वाढलेला प्रत्येक रक्तदाब वजनाचाच असतो असं नाही. मूल जितकं लहान आणि आकडा जितका मोठा, तितका मूत्रपिंडाचा विकार, त्याच्या रोहिणीतला अडथळा किंवा महारोहिणीचं अरुंद होणं यांचा शोध आधी घ्यावा लागतो. शाळकरी वयात आणि वजन जास्त असताना मात्र पारडं वजनाकडे झुकतं.

हे दुखणं दुखत नाही, म्हणून ते मोठेपणीचं वाटतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालूसा गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी सत्तरच्या दशकात गावातल्या मुलांची मोजमापं घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यांतली काही मुलं-तरुण अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावले. अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हयातीत ज्यांचा बीएमआय, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर जास्त पसरलेले होते.

उपायांची सुरुवात घरातूनच होते. पाकिटावर ‘सोडियम’चा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याची अडीचपट म्हणजे मीठ. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि प्रौढांनाही दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाण, वेफर्स, सॉस, पापड आणि लोणचं एकाच दिवशी ताटात आलं की हिशेब कधीच चुकलेला असतो. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभं राहिलं की तो किती पाळला जातो हे दिसतं. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, अर्धा ते एक तास घाम काढणारा खेळ हवा. एवढं करून आकडा उतरला नाही, किंवा हृदयाची भिंत जाड झालेली दिसली, तर गोळ्या द्याव्या लागतात.

आशेला जागा आहे. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चार दीर्घकालीन अभ्यासांतल्या सहा हजारांहून जास्त जणांची माहिती २०११ मध्ये एकत्र तपासली गेली. लहानपणी वजन जास्त, पण मोठेपणी लठ्ठ नसलेल्यांचा उच्च रक्तदाबाचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच निघाला. वाढत्या मुलाला त्यासाठी उपाशी ठेवावं लागत नाही. पुष्कळदा डॉक्टर वजन उतरवायला सांगतच नाहीत. वर्षभर ते आहे तिथे थोपवून धरायला सांगतात आणि उंची वाढू देतात.